दुपारचं काय करायचं? पोर्तो ते सांतियागो : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

गेल्या दोन अंकांत मी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरापासून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्रापर्यंत पायी गेल्याबद्दल लिहिलं होतं. साताऱ्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, निवृत्त झाले आणि २०२३ च्या सप्टेंबरात एकटीच निघाले. अंतर सुमारे २४० किलोमीटर, मला चौदा दिवस लागले. लेख वाचून सातारा-सांगलीकडून बरीच पत्रं आली. बहुतेकांना जायचंय, आणि काळजी वेगवेगळी आहे. जमेल तितक्या पत्रांना इथे उत्तरं देते.

माउली, मी एकोणीस वर्षं आळंदी ते पंढरपूर चालतो आहे. वय एकसष्ट. मुलगा म्हणतो, आता परदेशातली वारी करून या. आम्हाला त्यात अवघड असं काय जाणार?
— एक वारकरी, तरडगाव (ता. फलटण)

माउली, चालणं तुम्हाला अवघड जाणार नाही, हे आधीच सांगते. अंतर आपल्या वारीएवढंच आहे. रोजची मजल वीस-बावीस किलोमीटरची. बार्सेलुश ते पोंते द लिमा हा एकच टप्पा तेहेतीस-चौतीसचा, तोही मधे मुक्काम करून तोडता येतो. मोठा म्हणावा असा चढ एकच. पोंते द लिमा सोडल्यावर लाब्रुजाच्या रानातून दगडगोट्यांची वाट चढते आणि ४०५ मीटर उंचीच्या खिंडीतून पलीकडे उतरते. दिवेघाट चढलेल्या पायांना त्याचं काही वाटायचं नाही.

अवघड जाणाऱ्या गोष्टी दोन. एक म्हणजे ओझं. आपल्या दिंडीचा ट्रक पुढे जातो, त्यात वळकटी टाकली की खांद्यावर पताका नाहीतर गळ्यात टाळ, बाकी हात मोकळे. तिथे अंथरूण-पांघरूण, कपडे, औषधं, पाणी, सगळं आपल्या पाठीवर. आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नये असं जाणते सांगतात आणि ते अगदी खरं आहे. माझं वजन छप्पन किलो. मी साडेपाचच्या ऐवजी आठ किलो भरून निघाले. जाड सोलापुरी चादर, स्टीलचा डबा, तेलाची मोठी बाटली, दोन पुस्तकं. तिसऱ्या मुक्कामी धर्मशाळेत एक लाकडी पेटी दिसली. नको असेल ते यात ठेवा, हवं असेल ते घ्या, अशी तिथली पद्धत. डबा आणि चादर त्यात ठेवताना जीव तुटला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी खांदे मोकळे झाले ते जाणवलं.

वजन कमी करता येतं. दुसरी गोष्ट कमी करता येत नाही, ती म्हणजे दुपार. मला हे कुणीही सांगितलं नव्हतं, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

वारीत मुक्कामाला पोचलं की आपण एकटे असतो का हो? राहुटी ठोकलेली असते, बायका कालवण-भाकरीच्या नादात असतात, कुणीतरी तुमचे पाय ओढून मांडीवर घेतं आणि तेल चोळायला लागतं. मग समाजआरती, हरिपाठ, कीर्तन. झोप लागेपर्यंत माणसांचा आवाज कानावर असतो. तिथे सकाळी सातला निघालेला माणूस दीड-दोनपर्यंत पोचतो. तिथल्या धर्मशाळेला आल्बेर्गे म्हणतात. सरकारी आल्बेर्गे साधारण दुपारी एकला उघडते, तोवर सगळे आपापल्या पाठपिशव्या दाराशी ओळीने लावून ठेवतात. पलंग मिळतो. अंघोळ होते, कपडे धुऊन वाळत पडतात, फोडाला पट्टी लागते. घड्याळात बघावं तर अडीच. आणि स्पेनमध्ये शिरल्यावर तर दोन ते पाच गावं मिटून जातात. दुकानं बंद, खिडक्यांच्या झडपा लोटलेल्या. रात्रीचं जेवण खाणावळीत साडेआठच्या आधी मिळत नाही. हे सहा तास एकट्या माणसाच्या अंगावर येतात.

पोर्तुगालमधला माझा शेवटचा मुक्काम रुबियांइशला होता. गाव म्हणजे रस्त्याकडेने विखुरलेली घरं. तिथली धर्मशाळा जुन्या शाळेच्या इमारतीत आहे. खिडक्या उंच, भरपूर उजेड येईल अशा, वर्गाच्या असतात तशाच. बाकीचे झोपले होते. मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं. पाय दुखत नव्हते, वाट चुकलेली नव्हती, पैसे होते. एवढंच वाटलं की आज दिवसभरात आपण कुणाला ‘माउली’ म्हटलं नाही आणि कुणी आपल्याला म्हटलं नाही. मी दरवर्षी लोणंद ते फलटण पालखीबरोबर चालते. त्या दोन-तीन दिवसांत हा शब्द किती वेळा तोंडून जातो, ते त्या पायरीवर बसून कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारला काम लावलं. अंघोळीनंतर तासभर झोप. मग गावातल्या धुण्याच्या हौदावर जाऊन बसायचं. त्याबद्दल पुढे येईल. पाचला, जिथे असेन तिथे, हरिपाठ. आधी मनात म्हणत होते, मग स्पेनमधल्या रेदोंदेलाला अंगणातल्या झाडाखाली हळू आवाजात म्हटला. एक जर्मन बाई शेजारी येऊन बसली आणि संपेपर्यंत हलली नाही. संध्याकाळी देवळात मास, म्हणजे ख्रिस्ती लोकांची सामूहिक प्रार्थना, असेल तर तिथे. तेव्हापासून एकही दुपार अंगावर आली नाही.

तुम्ही माळकरी आहात, पाठांतर असणारच. चिपळ्या घेऊन जा, वजन काही फार नाही. पण दुपारी काय करायचं ते घरून निघतानाच ठरवून ठेवा. तुमच्यासारख्या दिंडीत वाढलेल्या माणसाला ती पोकळी माझ्यापेक्षा जास्त टोचेल.

आम्ही सावळजचे, चार एकर द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. तिकडे द्राक्षं खूप असं तुम्ही ओझरतं लिहिलंत आणि पुढे गेलात. बाग कशी असते, मांडव कसा असतो, ते लिहा.
— एक बागायतदार, ता. तासगाव

दादा, खरंच ओझरतं लिहिलं, ती चूक झाली. तुमच्याकडच्या माणसाने तो मुलूख बघायलाच हवा.

पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या या भागाला मिन्यो म्हणतात. पाऊस मुबलक, हवा दमट, जमीन ग्रॅनाइटच्या खडकाची. शेतं लहान, आपल्या भाऊवाटण्या झालेल्या तुकड्यांसारखी, आणि प्रत्येक तुकड्याला दगडी गडगा. जमीन इतकी थोडी की वेलाला वेगळी जागा द्यायची नाही, अशी जुनी रीत. म्हणून शेताच्या कडेने पुरुषभर उंचीहून वर ग्रॅनाइटचे अख्खे खांब रोवतात, त्यावर तारा किंवा लाकडं आडवी टाकतात आणि वेल वर चढवतात. मांडवाखाली बटाटा, कोबीवर्गातली भाजी, मधल्या मोकळ्या शेतात मका. आपल्याकडे लोखंडी अँगल आणि सिमेंटचे पोल, तिथे दगडाचा एकसंध खांब. पिढ्यान् पिढ्या तोच. खांबांवर मोरचुदाचे निळसर-हिरवे डाग मी हात लावून पाहिले. दमट हवेत डाऊनी बुरशीचा त्रास त्यांनाही चुकलेला नाही. वेल उंचावर ठेवल्याने घड जमिनीच्या ओलीपासून दूर राहतात, हाही त्या मांडवाचा एक उपयोग.

फरक मोठा आहे तो ऋतूचा. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी अशा दोन छाटण्या करतो, कारण आपला वेल झोपत नाही. तिथे थंडीत पानं पूर्ण गळतात, वेल काष्ठासारखा उभा राहतो, तेव्हा एकदाच छाटणी. तोडणी सप्टेंबरात. मी गेले ते बरोबर तोडणीच्या दिवसांत. शिडीवर चढून घड कापणारी म्हातारी माणसं, खाली प्लास्टिकच्या क्रेटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचलेल्या. सगळी द्राक्षं वाइनसाठी. ‘व्हिन्यो व्हेर्द’ नावाने ती वाइन प्रसिद्ध आहे. मणी बारीक, सालीला जाड, बियांचे. एका काकांनी शिडीवरूनच एक घड माझ्या हातात दिला. आंबटगोड, तोंडात बरीच चव राहणारा. आपल्या थॉमसन द्राक्षाची आठवण काढू नका, ते वेगळंच फळ समजून खा.

तोडणीला तरुण पोरं कमी दिसली. मिन्योतून माणसं पिढ्यान् पिढ्या फ्रान्स, स्वित्झर्लंड, लक्झेंबर्गला कामाला जातात. तुमच्या पत्रातल्या, इथे न छापलेल्या शेवटच्या ओळींत तुम्ही मुलाबद्दल जे लिहिलंय, ते वाचताना मला ती शिडीवरची माणसं आठवली.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. मक्याची कणसं साठवायला लांब, अरुंद, फटींची कोठी असते, दगडी पायांवर उभी केलेली. पोर्तुगालमध्ये तिला एश्पिगेइरु म्हणतात आणि पुढे स्पेनच्या गालिथिया प्रांतात ओरेओ. पाय आणि कोठी यांच्या मधे एक-एक चपटा रुंद दगड ठेवलेला असतो, म्हणजे उंदीर पायावरून वर चढला तरी त्या दगडाच्या खालून पुढे जाता येत नाही. फटींतून वारा खेळतो, कणसं वाळतात. तुमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये रॅकवर वारा खेळवायचं जे तंत्र आहे, तेच. वर बहुतेक ठिकाणी एक लहानसा क्रूस. मी तिला कणगी म्हणून वहीत चित्र काढून ठेवलंय. त्या मक्याची जाडी भाकरी, ब्रोआ, नक्की खा. राय नावाच्या धान्याचं पीठ मिसळलेली, वरून तडकलेली, आतून ओलसर. चौदा दिवसांत घरची आठवण सर्वांत जास्त तिनेच करून दिली.

मी पंचावन्न वर्षांची, शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही. एकटी बाई, भाषा येत नाही. वाट चुकले तर? उपाशी राहिले तर?
— एक वाचक, मिरज

ताई, वाट चुकणं कठीण आहे. भिंतीवर, झाडावर, विजेच्या खांबावर, दगडावर, सगळीकडे पिवळे बाण आहेत. ओ सेब्रेइरो नावाच्या डोंगरी गावचे पाद्री एलियास व्हालिन्या यांनी १९८० च्या दशकात जुन्या यात्रामार्गावर असे बाण रंगवायला घेतले, आणि तीच खूण सगळ्या वाटांवर पसरली. मात्र पोर्तुगालमध्ये निळे बाणही दिसतात. ते उलट्या दिशेला, फातिमा गावातल्या ख्रिस्ती तीर्थाकडे जातात. बार्सेलुशच्या पुढे पावसात मान खाली घालून चालताना एका चौकात मी निळ्या बाणामागे वळले. पाऊण तासाने समोरून एक यात्रेकरू आला आणि माझ्याकडे बघून थांबला, तेव्हा लक्षात आलं. चौतीस किलोमीटरच्या दिवशी पाच किलोमीटर जास्तीचे पडले. चौकात मान वर करून पिवळा रंग बघायचा, एवढं ध्यानात ठेवा.

एकटीची भीती मला दिवसा कुठेच वाटली नाही. अंधारात मात्र निघू नका. सप्टेंबरअखेर गालिथियात आठ वाजून गेल्यावर उजाडतं. सीमेवरची मिन्यो नदी ओलांडली की घड्याळ एक तास पुढे जातं, त्यामुळे पलीकडच्या तुई गावाला सकाळ फारच उशिरा होते. पोलीस, रुग्णवाहिका सगळ्याला ११२ हा एकच नंबर.

खाण्याचं खरं सांगते, कष्ट आहेत. ‘शाकाहारी’ म्हटलं की तिथे ट्यूना मासा घातलेलं सॅलड पुढे येतं. म्हणून ‘मांस नाही, मासे नाही, अंडं नाही’ हे तिन्ही शब्द पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून घ्या आणि कागदच दाखवा. बटाट्याचं जाड धिरडं, तोर्तिया, सगळीकडे मिळतं, पण त्यात अंडी असतात. पालेभाजी-बटाट्याच्या हिरव्या सूपमध्ये, काल्दु व्हेर्द, वरून सॉसेजची चकती टाकतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते शिजवतानाही आत असतं, आधी विचारा. निर्धास्तपणे खाण्यासारखं म्हणजे पाव, ब्रोआ, ऑलिव्ह, टोमॅटो, फळं आणि पाद्रोनच्या मिरच्या. लहान हिरव्या मिरच्या तेलात परतून वर जाडं मीठ. बहुतेक गोड असतात, मधेच एखादी झणका देते. आपल्याला ती झणका देणारीच बरी वाटते.

माझा आधार होता एक लहान पातेलं. गालिथियाच्या सरकारी धर्मशाळांत स्वयंपाकघर असतं, शेगडी असते, पण बऱ्याच ठिकाणी भांडं एकही नसतं! पोर्तोच्या बाजारातून मी ॲल्युमिनियमचं हलकं पातेलं घेतलं आणि पिशवीला बाहेरून बांधलं. तांदूळ, मसूर प्रत्येक किराणा दुकानात मिळतात. घरून हळद, जिरं आणि कांदा-लसूण मसाल्याची छोटी पुडी नेली होती. खिचडी पंचवीस मिनिटांत होते. फक्त दुकानं बंद व्हायच्या आत तांदूळ-मसूर घेऊन ठेवा. आणि हो, कंदी पेढे नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून युरोपात न्यायला प्रवाशांना बंदी आहे.

भाषेबद्दल एक प्रसंग सांगते. तिथल्या खेड्यांत कपडे धुवायचे सार्वजनिक हौद आहेत, वर कौलारू छप्पर, कडेने तिरके दगड, पाणी सतत वाहतं. एका दुपारी मी मोजे धूत होते. काळा झगा घातलेली एक आजी घमेलं घेऊन आली. तिने माझ्याकडे दोन मिनिटं पाहिलं, मग माझ्या हातातला मोजा घेतला, साबण लावला आणि दगडावर असा काही घासला की माझ्या आईची आठवण झाली. कृष्णेच्या घाटावर, संगम माहुलीला, आई गोधडी धुवायची तेव्हा तिचा खांदा असाच हलायचा. आजीने दोन्ही मोजे पिळून माझ्या हातात ठेवले, काहीतरी बोलली, मी मराठीत उत्तर दिलं. ती आपलं धुणं धुऊ लागली. मी सुकेपर्यंत तिथेच बसून राहिले.

आपला विठोबा सोडून ख्रिस्ती तीर्थाला पायी जाणं योग्य आहे का? आपल्याला देवळात येऊ देतात का?
— एक वाचक, कराड

तुमच्या पत्रातला ‘सोडून’ हा शब्द मला पटत नाही. मी काहीही सोडून गेले नाही. गळ्यातली तुळशीची माळ चौदा दिवस गळ्यातच होती.

येशूच्या बारा शिष्यांपैकी संत जेम्स, म्हणजेच सांतियागो, यांचा देह सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये आहे अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि नवव्या शतकापासून लोक तिथे चालत येत आहेत. देह नावेतून आणला आणि नाव ज्या दगडाला बांधली असं सांगतात, तो दगड पाद्रोनच्या देवळात वेदीखाली ठेवला आहे. मी वाकून पाहिला. इतक्या लोकांच्या श्रद्धेचं ओझं घेऊन बसलेला साधा दगड. मला वीट आठवली आणि मी हात जोडले. माझ्या मागे असलेल्या पोर्तुगीज बाईने क्रूसाची खूण केली.

देवळात सगळ्यांना येऊ देतात. मासच्या वेळी मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभं राहा. शेवटी लोक प्रसाद घ्यायला ओळीने पुढे जातात. तो फक्त त्यांच्या पंथातल्या लोकांसाठी असतो, आपण जागेवर बसून राहायचं. सांतियागोला पाठपिशवी कॅथेड्रलमध्ये नेऊ देत नाहीत, ती आधी कुठेतरी ठेवावी लागते. दोरांना टांगून झुलवतात ते प्रचंड धूपपात्र ठरावीक सणांनाच झुलतं किंवा कुणी खास विनंती केली तर. ते पाहायला मिळेलच असं धरून जाऊ नका. मला मिळालं नाही.

यात्रेकरूंच्या कचेरीत विचारतात, कशासाठी चाललात. धार्मिक किंवा आध्यात्मिक असं सांगितलं की लॅटिनमधलं प्रमाणपत्र मिळतं, फुकट. मी ‘आध्यात्मिक’ वर खूण केली. टेबलापलीकडच्या मुलाने माळेकडे पाहून काय आहे विचारलं, मी इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडेही चालत जातात. किती लोक, विचारलं त्याने. लाखो, म्हटलं. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं आणि ‘सगळे एकदमच?’ असं विचारलं. खरंच, वर्षभरात त्यांच्याकडे प्रमाणपत्र घेणारे २०२४ मध्ये पाच लाखांच्या जवळ होते, आणि तो तोवरचा त्यांचा सर्वांत मोठा आकडा.

सांगलीत सगळी सपाटी. सराव कुठे करायचा? गुडघा अधूनमधून कुरकुरतो. वय साठ.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि पाठीवर पाच-सहा किलो घेऊन रोज वीस किलोमीटर चालणार आहे, हे आकडे सांगून विचारा. नुसतं ‘चालू का’ विचारलं की ते ‘चाला’ म्हणणार.

सांगलीकरांना दंडोबाचा डोंगर जवळ आहे, सागरेश्वर आहे. मी अजिंक्यताऱ्यावर आणि यवतेश्वरच्या घाटात सराव केला, चार महिने. सुरुवातीचा महिना मोकळ्या हाताने आणि नंतर पिशवीत तांदळाच्या पुड्या भरून. चढाला गुडघा तक्रार करत नाही, उताराला करतो, म्हणून उतरायचा सराव जास्त करा आणि दोन काठ्या घ्या. आठवड्यातून सलग दोन दिवस चाला. एका दिवसात पंचवीस किलोमीटर चालणारे पुष्कळ असतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बूट चढवायचे, ते शिकावं लागतं.

बूट एक नंबर मोठे घ्या. चालून पाय सुजतात आणि उताराला बोटं पुढे जाऊन आपटतात. मी नेहमीच्याच मापाचे घेतले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि घरी आल्यावर महिन्याभराने गळली. पोर्तुगालमधले गावरस्ते चौकोनी ग्रॅनाइट चिऱ्यांचे आहेत, घाटाच्या पायऱ्यांवर दिवसभर चालल्यासारखं तळव्यांना लागतं. पातळ मोज्यावर जाड मोजा, सकाळी बोटांमध्ये व्हॅसलीन. कुठेही चुरचुरलं की त्याच क्षणी थांबून पट्टी लावा, पुढच्या गावाची वाट पाहू नका.

ओझं झेपत नसेल तर पिशवी पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या गाड्या आहेत, तेव्हा पाच-सात युरो घेत. त्यात कमीपणा काही नाही, आपलाही ट्रक असतोच. पण सरकारी धर्मशाळा अशी आलेली पिशवी घेत नाहीत, त्या दिवशी खासगी जागा बघावी लागते.

व्हिसा आणि खर्च? (हे सात-आठ पत्रांत आहे.)

शेंगेन व्हिसा. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. माझ्या स्पेनमध्ये जास्त होत्या. किमान तीस हजार युरोचा आरोग्यविमा लागतो. विम्याचा कागद स्वतः वाचा. एका एजंटाने मला दिलेल्या कागदावर परतीच्या दोन दिवसांचा विमाच नव्हता, तो मी खिडकीवर जायच्या आदल्या रात्री पाहिला. सरकारी धर्मशाळेत पलंग तेव्हा आठ-दहा युरो, यात्रेकरूंसाठीचं पूर्ण जेवण दहा-बारा युरो. विमानाचं भाडं सोडून माझा रोजचा खर्च तीस-पस्तीस युरोच्या आत राहिला. युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता.

२०२७ मध्ये जायचा विचार असेल तर दोनदा विचार करा. २५ जुलै हा संत जेम्सचा दिवस ज्या वर्षी रविवारी येतो ते पवित्र वर्ष मानतात, आणि २०२७ तसं आहे. गर्दी फार होईल.

बाई, मी तुमची २०११ च्या दहावीच्या बॅचची. आता पुण्यात नोकरी करते. मला सगळी मिळून दहाच दिवस रजा मिळते. शेवटचे शंभर किलोमीटर चालले तर ते खरं चालणं होईल का? आणि खरं सांगायचं तर मला कामापासून लांब जायचंय, देवाबद्दल माझं काही ठरलेलं नाही.
— तुमची विद्यार्थिनी, मूळ वाई

अगं, तुझं अक्षर पाहूनच ओळखलं. नकाशात नद्या निळ्याऐवजी हिरव्या रंगवणारी तू.

प्रमाणपत्रासाठी पायी शेवटचे शंभर किलोमीटर पुरतात. तुईपासून सांतियागो एकशे पंधराच्या पुढे आहे, म्हणून या वाटेवरचे बरेच जण तिथूनच सुरू करतात. तुई, पोरिन्यो, रेदोंदेला, पोंतेवेद्रा, काल्दास दे रेइस, पाद्रोन, सांतियागो. सहा दिवसांची चाल, प्रवास धरून दहा दिवसांत बसतं. काल्दासला गरम पाण्याचे झरे आहेत, गावात एका दगडी कुंडात लोक पाय सोडून बसतात. तिथे घाई करू नकोस. यात्रेकरूची वही, क्रेदेन्सियाल, तुईच्या कॅथेड्रलमध्ये मिळेल. तुईपासून रोज दोन शिक्के घ्यायचे, धर्मशाळेत, देवळात, कॉफीच्या दुकानात, कुठेही.

खरं चालणं होईल का, हे विचारू नकोस. आपल्याकडे कुणी आळंदीपासून चालतं, कुणी लोणंदला येऊन मिळतं, कुणी वाखरीहून. वाखरीला आलेल्याला कुणी परत पाठवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

देवाबद्दल ठरलेलं नसेल तर तसंच जा. पण एक ऐक. शक्य असेल तर तुईहून चालायला लागायच्या आधी पोर्तुगालमधल्या पोंते द लिमाला एक रात्र जास्तीची काढ. तिथल्या नदीची गोष्ट अशी : रोमन सैन्य तिथे पोचलं तेव्हा शिपायांना वाटलं की ही विस्मरणाची नदी आहे, ओलांडली की घर, गाव, नाव सगळं विसरायला होईल. कुणी पाण्यात उतरेना. सेनापती एकटा पलीकडे गेला आणि तिथून एकेका शिपायाला नावाने हाक मारू लागला. तेव्हा ते उतरले. दोन्ही काठांवर त्यांचे पुतळे उभे केलेत, मधे तो लांब जुना पूल. वर्गात हजेरी घेणाऱ्या माझ्यासारखीला ती जागा सोडवेना. संध्याकाळी त्या पुलाच्या कठड्यावर बसून मी तुमच्या बॅचची हजेरी आठवत होते. एकोणचाळीस नावं आली, सहा राहिली. त्या एकोणचाळीसांत तुझं होतं.

पुण्याहून निघायच्या आधी एक रविवार साताऱ्याला ये. बूट घालून ये, अजिंक्यताऱ्यावर जाऊ. आणि जाताना माझं पातेलं घेऊन जा.